आईबाबांचं रिव्हर्स मॉर्गेज बंद करून घराचे कागद परत मिळवले, त्याची हकीकत

रिव्हर्स मॉर्गेज म्हणजे म्हातारपणी राहतं घर तारण ठेवायचं, बँक दरमहा पैसे देते आणि कर्ज फेडायचं ते कर्जदार गेल्यावर. त्याबद्दल मराठीत जे काही वाचायला मिळतं ते बहुतेक "घ्यावं की घेऊ नये" एवढ्यावरच थांबतं. कर्ज घेणारे आईवडील गेल्यावर मुलांना काय करावं लागतं, बँक आडमुठेपणा करायला लागली तर कुणाकडे जायचं, नियम नेमका काय आहे, हे मला तेव्हा कुठेच एका जागी सापडलं नाही. म्हणून सगळं तारखांसकट लिहून ठेवतेय. लांबलंय, पण ज्याच्यावर ही वेळ आलीय त्याला तपशीलच हवे असतात.

आधी थोडी पार्श्वभूमी. बाबा पिंपरीच्या एका कारखान्यात होते, पेन्शन म्हणजे नावाला, महिन्याला हजार-बाराशे. पुण्यात कर्वेनगरला वन बीएचके, 1986 साली घेतलेला, स्वतःच्या कमाईचा. 2007 च्या केंद्रीय बजेटमधे रिव्हर्स मॉर्गेजची घोषणा झाली आणि नॅशनल हाउसिंग बँकेने, म्हणजे एनएचबीने, त्याची मार्गदर्शक तत्त्वं काढली, तेव्हापासून बाबा त्याची कात्रणं जमवत होते. वय 60 च्या पुढे हवं, नवराबायको मिळून घेणार असतील तर दुसऱ्याचं निदान 55 हवं, घर स्वतःचं आणि त्यातच राहत असलेलं हवं, मुदत जास्तीत जास्त 20 वर्षं. शेवटी 2012 च्या जूनमधे दोघांच्या नावाने एका सरकारी बँकेकडून घेतलं (नाव लिहीत नाही), महिन्याला 8,000 रुपये, 15 वर्षांसाठी. दादाला आणि मला तेव्हा ते फारसं पटलं नव्हतं पण बाबा ठाम होते, "तुमच्यापुढे हात पसरायचा नाही" हे त्यांचं एकच वाक्य.

आता मागे वळून बघता त्यांनी केलं ते चांगलंच केलं असं मला मनापासून वाटतं. आईची एक लांब वही आहे, त्यात दर महिन्याच्या 8,000 पुढे तिने खर्च लिहिलाय, बीपीच्या गोळ्या, गॅस, कामवाल्या बाईंचा पगार, नातवाला वाढदिवसाचे 501, पंढरपूरची बस. 2021 मधे बाबा गेले तरी आईचा हप्ता चालू राहिला कारण ती सहकर्जदार होती, आणि नियमच असा आहे की कर्जाच्या अटी मोडल्या नाहीत तर दोघांपैकी शेवटचं माणूस जाईपर्यंत त्या घरातून कुणी उठवू शकत नाही, मुदत संपून हप्ता बंद झाला तरी राहता येतं. त्यामुळे जे पुढे लिहितेय ते या योजनेविरुद्ध नाही. राग आहे तो ती चालवण्याच्या पद्धतीवर.

आई 17 डिसेंबर 2023 ला गेली. महापालिकेचा मृत्यूचा दाखला हातात आल्यावर जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात मी शाखेत अर्ज दिला की कर्जदार दोघंही वारले आहेत, आम्ही दोघं वारस आहोत, घर विकायचं नाही, कर्ज फेडून घर सोडवायचंय. हा पहिला हक्क वारसांचाच असतो, घर विकून वसुली हा त्यानंतरचा मार्ग. आणि समजा घर विकून कर्ज पूर्ण फिटलं नाही तरी उरलेली रक्कम मुलांच्या खिशातून मागता येत नाही, जास्त आले तर वरचे पैसे वारसांना द्यावे लागतात. ही गोष्ट खूप जणांना माहीतच नसते आणि मग नोटीस आली की हातपाय गळतात.

नोटीस आम्हालाही आली, जानेवारीच्या शेवटी. दोन महिन्यांत रक्कम भरा नाहीतर मालमत्ता विक्रीची कारवाई करू, भाषा अशी की जणू आम्ही कर्ज बुडवून पळालोय. अजून आईचे वर्षश्राद्ध सोडा, घरातलं देवघर सुद्धा हलवलं नव्हतं. मी ते पत्र वाचून स्वयंपाकघरातच बसून राहिले होते. दादा बंगळुरूला, तो फोनवर म्हणाला अगं घाबरू नको, दोन महिन्यांचा वेळ एनएचबीच्या तत्त्वातच लिहिलाय, ते आपल्याला मिळायलाच हवेत. पत्राचा सूर वेगळा आणि त्यातला नियम वेगळा, हे तेव्हा कळलं. नियम खरं तर आपल्या बाजूचा होता.

मग खातेउतारा मागितला. पूर्ण, जून 2012 पासूनचा. तो मिळायलाच फेब्रुवारी उजाडला. आईबाबांच्या हातात एकूण आले होते 11 लाखांच्या आसपास, आणि देणं झालं होतं 20 लाखांच्या वर. पहिल्यांदा बघून धक्का बसतो, पण व्याज दहा टक्क्यांच्या आगेमागे आणि ते साडेअकरा वर्षं चढत गेलेलं, हिशोब करून बघितला तर बरोबर निघाला. दादाने एक्सेलमधे महिन्यावार मांडला, तुम्हीही मांडाच, बँकेवर अविश्वास म्हणून नाही, पण पुढे बोलताना आपल्याकडे आकडा असला की आवाज बदलतो.

उताऱ्यात खटकलं ते सगळ्यात खाली होतं, प्रीपेमेंट चार्ज 2 टक्के अधिक जीएसटी, म्हणजे 50 हजारांच्या घरात. मी काउंटरवरच्या साहेबांना विचारलं हे कशाचं, ते म्हणाले मॅडम मुदत 2027 पर्यंत होती, तुम्ही आधी बंद करताय म्हणून सिस्टिमने लावलं. मी म्हटलं अहो साहेब आम्ही कुठे आधी बंद करतोय, कर्जदार गेल्यामुळे कर्ज देय झालंय आणि तुम्हीच तर दोन महिन्यांत भरा म्हणून नोटीस पाठवलीत! त्यावर "सिस्टिम" हेच उत्तर.

घरी येऊन पत्र लिहिलं. त्यात तीनच मुद्दे. एक, एनएचबीच्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे रिव्हर्स मॉर्गेज कधीही फेडलं तरी दंड लावता येत नाही. दोन, बदलत्या व्याजदराच्या वैयक्तिक कर्जावर असा दंड घ्यायचा नाही हे रिझर्व्ह बँकेने 2014 मधेच सांगितलंय. तीन, ही मुदतपूर्व फेडच नाही. पत्र मराठीतच दिलं, दोन प्रती, एका प्रतीवर आवक शिक्का, तारीख आणि सही. साधारण तीन आठवड्यांनी सुधारित उतारा आला, चार्ज काढलेला, एका ओळीचंही स्पष्टीकरण नाही. काढला हे महत्त्वाचं.

एक टीप इथेच देते, एका पत्रात एकच मागणी ठेवा. मी सुरुवातीला चार्ज, कागदपत्रं, वारस नोंद सगळं एकत्र लिहायचं ठरवलं होतं, पण माझ्या नात्यातल्या एक मावशी बँकेतून रिटायर झाल्यात, त्यांनी सांगितलं की चार गोष्टी लिहिल्यास तर सगळ्यात सोप्या गोष्टीचं उत्तर देतील आणि "तक्रारीचे निवारण केले" म्हणून फाइल बंद करतील. अगदी खरं.

मार्च गेला वारस सिद्ध करण्यात. बँकेच्या पॅनेलवरच्या वकिलांनी कोर्टाचं वारस प्रमाणपत्र आणा म्हटलं. त्याला किती महिने लागले असते देव जाणे, आणि तोवर व्याज चालूच. पण 2012 मधे कर्ज देताना बँकेनेच दोघांकडून नोंदणीकृत मृत्युपत्र करून घेतलं होतं, तशी पद्धत आहे या कर्जात, आणि त्यात घर आम्हा दोघा भावंडांना असं स्वच्छ लिहिलेलं. आणि दुसरं म्हणजे कर्जदार वारल्यास मूळ कागद वारसांना कसे परत देणार याची पद्धत प्रत्येक बँकेने ठरवून आपल्या वेबसाइटवर टाकलीच पाहिजे असा रिझर्व्ह बँकेचा आदेश आहे. मी त्याच बँकेच्या साइटवरचं पान प्रिंट काढून नेलं, त्यात नोंदणीकृत मृत्युपत्र चालेल असं लिहिलं होतं. मॅनेजर साहेबांनी ते दोनदा वाचलं आणि वकिलांना फोन लावला. शेवटी मृत्युपत्र, दोन्ही मृत्यूचे दाखले, आमचं केवायसी, दादाचं नोटरी केलेलं संमतीपत्र आणि 500 रुपयांच्या स्टॅम्प पेपरवर दोघांचं हमीपत्र यावर भागलं. नोटरी, झेरॉक्स, स्टॅम्प सगळं धरून दोन-अडीच हजार खर्च आला.

22 एप्रिल 2024 ला पैसे भरले. 21 लाखांच्या थोडे वर. निम्मे माझ्या एफडी मोडून, निम्मे दादाने त्याच्या होम लोनवर टॉप-अप घेऊन. नो ड्यूज सर्टिफिकेट त्याच दिवशी मागून घेतलं, त्यावर तारीख नीट आहे ना बघितलं. ही तारीख पुढे सोन्याची ठरली म्हणून सांगतेय, शाखेत "चार दिवसांनी पोस्टाने येईल" म्हणतील, तरी जागेवर बसून घ्या.

आता मुख्य भाग. मूळ कागद.

रिझर्व्ह बँकेचं 13 सप्टेंबर 2023 चं परिपत्रक आहे. कर्ज पूर्ण फिटल्यावर 30 दिवसांत बँकेने मालमत्तेचे सगळे मूळ कागद परत द्यायचे आणि कुठल्याही रजिस्ट्रीत बोजा, म्हणजे तारणाची नोंद, केली असेल ती काढायची. उशीर बँकेमुळे झाला तर दर दिवसाला 5,000 रुपये भरपाई ग्राहकाला. कागद हरवले किंवा खराब झाले तर बँकेने स्वतःच्या खर्चाने दुय्यम किंवा प्रमाणित प्रती मिळवायला मदत करायची, त्यासाठी बँकेला आणखी 30 दिवस, म्हणजे एकूण 60 दिवसांनंतर मीटर चालू. 1 डिसेंबर 2023 पासून लागू. यात बँका, हाउसिंग फायनान्स कंपन्या, सहकारी बँका सगळे आले.

मे महिना उलटत आला तरी कागदांचा पत्ता नाही. शाखेत गेलं की "मॅडम सेंट्रल स्टोअरेजला रिक्वेस्ट टाकलीय". कागद शाखेत नसतातच, दुसऱ्या गावी कुठल्या तरी एजन्सीच्या गोदामात असतात. परिपत्रकाचा विषय काढला तर तिथल्या लोन ऑफिसरने सांगितलं की ते होम लोनसाठी आहे, तुमचं रिव्हर्स मॉर्गेज, ते यात बसत नाही. इथे मी खरोखर गोंधळले, कारण परिपत्रकात शब्द आहे वैयक्तिक कर्ज. मग दादाने खोदून काढलं की या वैयक्तिक कर्जाची व्याख्या रिझर्व्ह बँकेच्या जानेवारी 2018 च्या परिपत्रकात दिलीय आणि त्यात स्थावर मालमत्ता तारण ठेवून व्यक्तीला धंद्याव्यतिरिक्त दिलेलं कर्ज स्पष्ट धरलंय. आमचं तंतोतंत तेच. तुम्हालाही हेच उत्तर मिळालं तर हा मुद्दा लक्षात ठेवा, बहुतेकांना तिथूनच परत पाठवतात असा माझा अंदाज आहे.

30 मे ला लेखी तक्रार दिली, शाखेत शिक्का मारून आणि त्याच दिवशी बँकेच्या तक्रार विभागाला ईमेलने, नोडल अधिकाऱ्याला, म्हणजे बँकेत तक्रारींची जबाबदारी असलेल्या अधिकाऱ्याला, प्रत. विषयात कर्ज खाते क्रमांक, मजकुरात फक्त तारखा आणि परिपत्रक. जूनच्या मध्याला उत्तर आलं: "कागदपत्रे सध्या मिळून येत नाहीत, शोध सुरू आहे."

ते वाचून जो राग आला तो मी आज पण विसरलेले नाही. 1986 चा करारनामा, त्यावर बाबांची तरुणपणीची सही, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, सगळं. बारा वर्षांपूर्वी विश्वासाने दिलेले कागद आणि उत्तर काय तर मिळून येत नाहीत. आणि नुसत्या भावनेचा प्रश्न नाही, मूळ करारनाम्याशिवाय उद्या तो फ्लॅट विकायचा म्हटलं तर गिऱ्हाइकाची बँक कर्ज देताना दहा शंका काढणार.

बँकेकडे तक्रार दिल्यावर 30 दिवसांत उत्तर आलं नाही किंवा आलेलं उत्तर पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे, म्हणजे बँकांविरुद्धच्या तक्रारी सोडवणाऱ्या अधिकाऱ्याकडे, जाता येतं; आम्ही गेलो तेव्हा त्याला एक वर्षाची मुदत होती. 2021 च्या नोव्हेंबरपासून सगळ्यांसाठी एकच एकत्रित योजना आहे, त्यामुळे आपला लोकपाल कुठल्या शहरातला हे शोधत बसावं लागत नाही. 1 जुलै ला रिझर्व्ह बँकेच्या सीएमएस या तक्रारींच्या पोर्टलवर तक्रार टाकली. फी नाही, वकील लागत नाही, उलट वकिलामार्फत तक्रार करताच येत नाही (वकील स्वतः तक्रारदार असेल तर वेगळं). मोबाइलवर ओटीपी येतो, बँक निवडायची, बँकेला तक्रार कधी दिली ती तारीख टाकायची आणि त्याचा पुरावा जोडायचा. हा पुरावा नसेल तर तक्रार दारातच नाकारतात. हेच प्रकरण कोर्टात किंवा ग्राहक मंचात चालू असेल तरी घेत नाहीत. ज्यांना ऑनलाइन जमत नाही त्यांनी साध्या कागदावर लिहून रिझर्व्ह बँकेच्या चंदीगडच्या केंद्रीय कार्यालयात पोस्टाने पाठवलं तरी चालतं, आणि त्यांच्या 14448 वर फोन केला तर मराठीत बोलणारं माणूस मिळतं. मी दोनेक शंका तिथेच विचारल्या, बाई अतिशय शांतपणे बोलल्या, त्या काळात तेवढंही खूप वाटलं.

मधेच एक सांगते, आमच्या सोसायटीतल्या एका आजींचं रिव्हर्स मॉर्गेज हाउसिंग फायनान्स कंपनीकडून (एचएफसी) आहे. त्यांच्यासाठी रस्ता वेगळा आहे. या कंपन्यांचे नियम ऑगस्ट 2019 पासून रिझर्व्ह बँक करते पण देखरेख आणि तक्रारी एनएचबीकडेच, त्यांचं ग्रिड्स नावाचं पोर्टल आहे. चुकीच्या दारात तक्रार टाकली तर महिना फुकट जातो, म्हणून आधी कर्ज देणारी संस्था बँक आहे की एचएफसी हे मंजुरीपत्रावर बघा.

पोर्टलवर तक्रार गेल्यावर जे घडलं त्याने मला बरंच शिकवलं. इतके महिने ज्यांना मी फोन करत होते त्यांच्या मुख्य कार्यालयातून मला फोन आला, नाव घेऊन, नम्रपणे. गोदामाच्या एजन्सीला बँकेने माणूस पाठवला. आणि ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात कागद "सापडले", दुसऱ्याच कुणाच्या फाइलच्या गठ्ठ्यात बांधलेले होते म्हणे.

14 ऑगस्टला घ्यायला गेले. इथे घाई करू नका. माझ्याकडे 2012 ची यादी होती, कर्ज देताना बँक काय काय कागद ठेवून घेतले त्याची सही-शिक्क्याची यादी देते ती, बाबांनी प्लास्टिकच्या फोल्डरमधे जपून ठेवलेली. खाकी पाकीट, लाल दोरा, आत करारनामा. मी टेबलावर एकेक पान उलटून नंबर जुळवले. करारनाम्याची पानं पूर्ण होती, कडा पिवळ्या पडलेल्या, पण रजिस्ट्रेशनची मूळ पावती नव्हती. ऑफिसर म्हणाले मॅडम पावतीने काय होतंय, सही करा. मी पोचपावतीवर "पावती वगळता" असं स्वतःच्या हाताने लिहून मगच सही केली. पावती चार दिवसांनी त्यांनीच फोन करून दिली. ज्यांचे आईवडील आज हे कर्ज घेऊन राहताहेत त्यांनी ही यादी घरात आहे का ते या रविवारीच बघा, नसेल तर बँकेकडून शिक्का मारलेली प्रत मागून ठेवा, आईवडील स्वतः सही करून मागू शकतात तोवरच ते सोपं आहे.

मग भरपाईचा वाद. बँकेचं म्हणणं कागद हरवले होते म्हणून 60 दिवस आमचे, म्हणजे 21 जूनपर्यंत आम्ही काही देणं लागत नाही. आमचं म्हणणं हरवले कुठे, तुमच्याच गोदामात होते, 30 दिवसच धरा. लोकपालांच्या कार्यालयातून दोन्ही बाजूंचं लेखी मागवलं, नंतर समेटासाठी ऑनलाइन मीटिंग झाली. तिथल्या अधिकाऱ्यांनी दोघांचं ऐकून घेतलं. शेवटी बँकेने 22 जून ते 14 ऑगस्ट असे 54 दिवस मान्य केले, दिवसाला 5,000 प्रमाणे 2 लाख 70 हजार. आधीचे 30 दिवस सोडायचे की निवाड्यापर्यंत ताणायचं यावर दादा आणि मी रात्री बराच वेळ बोललो. निकाल पटला नाही तर 30 दिवसांत अपील करता येतं हे माहीत होतं. पण आम्ही दोघंही थकलो होतो, समेट घेतला. मला अजूनही वाटतं की ते 30 दिवस बँकेचे नव्हते. गोदामात नीट न शोधता "मिळून येत नाही" लिहिलं की महिनाभर सवलत, हे बरोबर नाही, परिपत्रकात हरवले म्हणजे काय हे जरा नेमकं करायला हवं.

एक मात्र नक्की. दिवसाला ठरलेली रक्कम नसती तर आमची फाइल अजून त्या गठ्ठ्यात असती. याआधी बँकेला उशिराचा काहीच खर्च नव्हता, सगळा खर्च आपला, रजा, रिक्षा, झोप. आता उशीर त्यांच्या ताळेबंदात दिसतो. मी नियमावर विश्वास ठेवणारी आहेच, पण आकडा लिहिलेला नियम आणि नुसता "लवकरात लवकर" लिहिलेला नियम यात काय फरक असतो तो या वर्षात बघितला.

पैसे ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात जमा झाले, दोघांच्या खात्यात निम्मे निम्मे.

तरी काम संपलं नव्हतं, आणि हे खूप जण विसरतात. सोसायटीच्या दप्तरात बँकेचा बोजा लिहिलेला असतो, तो काढायला बँकेचं सोसायटीच्या नावाने वेगळं पत्र लागतं, नुसतं नो ड्यूज दाखवून आमच्या सेक्रेटरी काकांनी ऐकलं नाही आणि त्यांचं बरोबरच होतं. ते पत्र, मृत्युपत्राची प्रत आणि सोसायटीचे फॉर्म दिल्यावर पुढच्या कमिटी मीटिंगमधे शेअर सर्टिफिकेटवर आमची नावं चढली. आणि सरसाई, म्हणजे तारण मालमत्तांची केंद्रीय नोंदवही, तिथला बोजा बँकेने काढलाय की नाही हे आपण स्वतः किरकोळ फी भरून ऑनलाइन शोधू शकतो. आमचा तोही राहिला होता. परिपत्रकात बोजा काढणंही त्याच 30 दिवसांत आहे, त्यामुळे त्याच तक्रार क्रमांकाचा संदर्भ देऊन एक ईमेल केला, दोन दिवसांत निघाला. शोधाची पावती आणि "बोजा नाही" दाखवणारं पान प्रिंट काढून त्या खाकी पाकिटातच ठेवलंय.